जपानी देबा सुरी, एक वर्ष वापरून

आधी सुरीबद्दलच लिहितो, कारण खानावळीत येणारे बरेच जण विचारतात की मासळी कापायला एवढ्या पैशाची सुरी कशाला. आमची छोटी खानावळ आहे, मालवण आणि आचऱ्याच्या मधे, समुद्रापासून पाच मिनिटांवर. सीझनला रोज दहा-बारा किलो मासळी घरीच साफ होते, बांगडे, सौंदाळे, सुरमय, पापलेट, कधी घोळ, कधी मोरी. आईने हे सगळं आयुष्यभर आदाळ्यावर, म्हणजे विळीवर केलं, पायाखाली पाट दाबून, आणि अजून कोणी कितीही सुऱ्या आणल्या तरी बांगडा साफ करायला आदाळ्यासारखं काही नाही असं माझं ठाम मत आहे. पण मोठ्या माशाचं तसं नाही. पाच किलोची सुरमय आदाळ्यावर धरता येत नाही, कोयत्याने मारली की तुकड्यांच्या कडा फाटतात आणि तव्यावर टाकल्या की विस्कटतात. म्हणून गेल्या मे महिन्यात मी ही देबा मागवली. १६५ मिलिमीटर पातं, कार्बन स्टील, जपानमधल्या साकाईला बनवलेली, सगळं धरून नऊ हजार चारशे पडले. कुरियरवाल्याने दोनदा पत्ता सापडत नाही म्हणून परत नेली, शेवटी मी कुडाळला जाऊन घेऊन आलो.

देबा म्हणजे काय ते सांगतो, कारण फोटोत ती साध्या सुरीसारखीच दिसते. हातात घेतली की कळतं, पाठीला जाड, मुठीकडे तर चांगलीच जाड, वजनदार, आणि टोकाकडे बारीक होत जाते. धार एकाच बाजूला. उजवीकडून उतार आणि डावी बाजू सपाट, सपाट म्हणजे अगदी किंचित आत गेलेली, त्यामुळे मांस पात्याला चिकटून राहत नाही आणि काट्याला घासून सुरी पुढे जाते. सुरमयीचं एक अख्खं अंग काट्यावरून सोडवलं आणि काट्यावर मांस राहिलंच नाही, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा आई पण हातातलं काम टाकून बघत उभी राहिली. मूठ लाकडाची, हलकी, ओल्या हातात सटकत नाही, आणि पातं जिथे मुठीत जातं तिथे म्हशीच्या शिंगाचं कडं. मुठीचं शिंग बघून अण्णा (माझे वडील) म्हणाले, आपल्याकडच्यासारखाच आहे की हा सुरी करणारा माणूस.

आता दोन गोष्टी नीट वाचा. एक, ही सुरी उजव्या हाताची आहे. माझी बायको डावखुरी, तिच्या हातात ही सुरी सरळ जातच नाही, मासा तिरका कापला जातो, डावखुऱ्यांची वेगळी बनते आणि ती जास्त महाग असते. हे विकणाऱ्याने कुठेच ठळक लिहिलेलं नव्हतं, मला आधी कळायला हवं होतं. दुसरं, गंज. हे स्टेनलेस नाही. कोकणातली हवा, त्यात समुद्र, त्यात खानावळीचं स्वयंपाकघर, कापून झाल्यावर पाच मिनिटं ओली ठेवली तरी तांबूस डाग येतात, आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लागलं तर मिनिटभरात काळं पडतं. कापली की धुवा, पुसा, कोरडी करा, रोज, दर वेळी, कितीही गिऱ्हाईक ताटकळत असो. ज्याच्याकडून हे होणार नाही त्याने स्टेनलेसची घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

डब्यात एक छोटा कागद होता, त्यात लिहिलं होतं की १८७६ साली जपानच्या सरकारने तलवार लावून फिरायला बंदी घातली आणि कितीतरी तलवारीचे लोहार पोटासाठी सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. साकाई तसं त्याच्याही आधीपासून सुऱ्यांचं गाव, तंबाखू चिरायच्या सुऱ्या करायचं, पण मला ते वाक्य डोक्यात बसलं. तलवार करणारा हात मासळीच्या सुरीला लागला. तेव्हा जून लागला होता, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खानावळ जवळजवळ बंदच, बाहेर धो धो पाऊस आणि दिवसाला चार-पाच तास लाईट नाही, त्या दोन महिन्यात मी सामुराईंबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो आणि हा रिव्ह्यू लांबतोय तो त्या वाचनामुळे. कारण त्यातली एक गोष्ट माझ्या घरातली निघाली.

सत्तेचाळीस रोनिनांची गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. १७०१ साली आको नावाच्या संस्थानाचा तरुण मालक आसानो याने एदोच्या किल्ल्यात, म्हणजे आताच्या तोक्योत, कीरा नावाच्या म्हाताऱ्या दरबारी अधिकाऱ्यावर हत्यार चालवलं. कीराला जखम झाली पण तो वाचला. किल्ल्यात हत्यार उपसणं हाच मोठा गुन्हा, आसानोला त्याच दिवशी पोट फाडून मरायचा हुकूम झाला, संस्थान जप्त, आणि कीराला शिक्षा काहीच नाही. एवढा कसला राग होता हे आसानोने नीट सांगितलंच नाही, जुनं वैर होतं एवढंच, त्यामुळे तीनशे वर्षं लोक त्यावर वाद घालतायत. त्याची माणसं रोनिन झाली, म्हणजे बिनधन्याचे सामुराई. त्यांचा कारभारी ओइशी कुरानोसुके, त्याने किल्ला शांतपणे सरकारच्या ताब्यात दिला, बायकोला माहेरी पाठवलं, क्योतोजवळ जाऊन राहिला आणि दारू, बायका, रस्त्यात लोळणं, असं सुरू केलं, कीराच्या हेरांना वाटावं की हा संपला. असं सांगतात की सात्सुमा प्रांताच्या एका सामुराईने त्याला रस्त्यात पडलेला बघितला, धन्याच्या मरणाचं उट्टं न काढणारा कुत्रा म्हणून लाथ मारली आणि तोंडावर थुंकला. पावणेदोन वर्षं झाल्यावर, १७०३ च्या जानेवारी अखेरच्या रात्री, बर्फ पडलेलं असताना सत्तेचाळीस जण कीराच्या वाड्यात घुसले, त्याला मारलं, डोकं सेंगाकु-जी देवळात नेलं, तिथल्या विहिरीत धुतलं आणि धन्याच्या थडग्यापुढे ठेवलं. मग पळाले नाहीत. सरकारच्या हवाली झाले आणि मार्चमधे सेहेचाळीस जणांनी हुकुमाप्रमाणे पोट फाडून घेतलं. सत्तेचाळीसावा, तेरासाका नावाचा साधा पायदळातला शिपाई, तो जगला, ऐंशीच्या पुढे जगला. सात्सुमाच्या त्या माणसाबद्दल असं सांगतात की तो नंतर ओइशीच्या थडग्यापाशी आला, चुकलो म्हणाला आणि तिथेच त्याने जीव दिला. माफी मागायला आला तेव्हा माफ करणारा जमिनीखाली होता.

ही गोष्ट निष्ठेची म्हणून सगळीकडे सांगतात, आणि निष्ठा त्यात आहेच, ती कोण नाकारेल. पण मला वाचताना दोन पोरांपाशी थांबायला झालं. एक ओइशीचा स्वतःचा मुलगा चिकारा. जपानी मोजणीने सोळा वर्षांचा, आपल्या मोजणीने पंधरा असेल, मागच्या दारावरून घुसणाऱ्या टोळीचा पुढारी तो होता आणि पोट फाडून घेणाऱ्यांतही तो होता. बाप निघाला म्हणून मुलगा निघाला. दुसरा कीराचा नातू, दत्तक घेतलेला, अठराच्या आसपासचा. त्या रात्री तो लढला, जखमी झाला, आणि नंतर सरकारने त्यालाच शिक्षा केली, आजोबाला वाचवलं नाहीस म्हणून, दूर सुवाला नजरकैदेत ठेवला आणि तिथेच तो तीन वर्षांत वारला. या नातवाच्या नावाने कोणी उदबत्ती लावत असेल का माहीत नाही, तिकडे सेंगाकु-जीत मात्र रोनिनांच्या थडग्यांपुढे रोज धूर चालू असतो. आणि कीराच्या स्वतःच्या गावात विचाराल तर तिथले लोक त्याला दुष्ट मानतच नाहीत, आमच्यासाठी पुराचा बांध घातला त्याने, असं सांगतात. गडग्याच्या पलीकडे उभं राहिलं की गोष्ट दुसरीच दिसते.

आमच्याकडे पण गडगा आहे. आमचं घर आणि काकांचं घर, मधे चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढा. अण्णा मोठे, काका धाकटे. काका सव्वीस वर्षं मुंबईला एका कारखान्याच्या टूलरूममधे ग्राइंडरवर होते, रिटायर होऊन गावाला आले, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पडलेला गडगा परत घालताना दीड हात आमच्या बाजूला सरकला असं अण्णांचं म्हणणं. काकांचं म्हणणं आधी तो तिथेच होता. मोजणी झाली, नोटीस झाली, भांडण झालं, आजी मधे पडली, आजीचं कोणी ऐकलं नाही. मग एका रात्री अण्णांनी कोयता घेतला आणि काकांची हापूसची नवी लावलेली कलमं तोडली. अकरा कलमं, तीन वर्षांची. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि अण्णांनी मला उठवलं, बॅटरी धर म्हणाले, आणि मी धरली.

मी नाही म्हणालो नाही. बाप म्हणतो धर म्हणून धरायची असते हे मला तेव्हा माहीत होतं, दुसरं काही माहीत नव्हतं. ज्या काकांनी मला दर गणपतीत मुंबईहून रंगपेटी आणली त्यांची कलमं, एकेक घाव, आणि उजेड माझा. सकाळी काका अंगणात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, पोलिसात गेले नाहीत. त्यानंतर एकोणीस वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही. आजी गेली तेव्हा दोघांनी एकाच तिरडीला खांदा दिला, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि स्मशानातून वेगवेगळ्या वाटांनी घरी आले. गावपळणीत अख्खा गाव वेशीबाहेर जाऊन झोपड्या घालून राहतो, तीन दिवस तीन रात्री, तिथे तर कुड पण नाहीत मधे, काकांची झोपडी वीस पावलांवर, काकी आमच्या पोरांना खाऊ द्यायची आणि काका आणि अण्णा एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

तर जुलैमधे एका रात्री मी झेंकाईबद्दल वाचलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्यूशू बेटावर याबाकेई नावाची दरी आहे, तिथे यामाकुनी नदीवर सरळ कडा, आणि कड्याच्या अंगाने लोकांना साखळी धरून जावं लागायचं, माणसं, बैल, घोडे खाली पडून मरायचे. १७३० च्या दशकात झेंकाई नावाचा बौद्ध भिक्षू तिथे आला आणि त्याने कडा फोडून वाट काढायची ठरवली. छिन्नी आणि हातोडा. भिक्षा मागून पैसे जमवले, पाथरवट लावले, आणि तीसेक वर्षांनी, १७६३-६४ च्या सुमारास वाट पूर्ण झाली, एकूण ३४२ मीटर, त्यातला १४४ मीटर बोगदा. अर्धवट झाल्यावर मधेच टोल पण लावला, माणसाला चार मोन (तेव्हाची जपानी नाणी) आणि जनावराला आठ, त्या पैशातून पुढचं काम. या वाटेचा काही भाग अजून आहे, तिथे छिन्नीचे घाव अजून भिंतीवर दिसतात. आपल्याकडे कोकण रेल्वेचा करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तो मशीननी काही वर्षांत झाला, आणि हा माणूस तीस वर्षं १४४ मीटरला बसला होता. इथपर्यंत इतिहास.

पुढे १९१९ मधे एका जपानी लेखकाने यावर कथा रचली आणि आता लोकांच्या तोंडी ती कथाच जास्त आहे. कथेतला भिक्षू आधी सामुराईच्या घरचा नोकर असतो, धन्याच्या बाईशी त्याचं जमतं, धनी मारायला येतो आणि हाच धन्याला मारतो. निष्ठेचा असा खून. पळतो, वाटमारी करतो, अजून माणसं मारतो, मग स्वतःचीच किळस येऊन भिक्षू होतो आणि त्या कड्यापाशी येऊन फोडत बसतो. धन्याचा मुलगा मोठा होऊन सूड घ्यायला त्याला शोधत फिरतो. त्या काळी बापाचा, थोरल्या भावाचा किंवा धन्याचा सूड घ्यायला सरकारी परवानगी मिळायची, नोंद करावी लागायची, आणि सुडाचा सूड चालायचा नाही, असे नियम होते, १८७३ मधे सरकारने ते सगळंच बंद केलं. मुलगा बोगद्यात पोचतो तेव्हा समोर एक म्हातारा, हाडं दिसणारा, अंधारात बसून बसून डोळे गेलेले, तो म्हणतो हो मीच मारलं, मार मला. पण कामावरचे पाथरवट मधे पडतात, बोगदा होईपर्यंत थांब म्हणतात. मुलगा थांबतो. थांबून थांबून कंटाळतो आणि लवकर संपावं म्हणून स्वतःच छिन्नी घेतो. बापाचा खुनी आणि मुलगा शेजारी शेजारी बसून दगड फोडतायत, कितीतरी महिने. शेवटी एका रात्री छिन्नी पलीकडे जाते आणि भोकातून चांदण्यातली नदी दिसते. म्हातारा म्हणतो आता मार, आणि मुलाच्याने तलवार उचलत नाही, दोघे एकमेकांचे हात धरून रडतात.

मी ते मेणबत्तीवर वाचलं. मला त्यातलं माफ करणं मोठं वाटलं नाही, माफ करणं त्या मुलाच्या हातात शेवटी आपोआप आलं. मला मोठं वाटलं ते म्हाताऱ्याचं बसून राहणं. तो माफी मागत फिरला नाही, जिथे लोक पडून मरत होते तिथे बसला आणि काम करत राहिला. मी एकोणीस वर्षं काय केलं, तर गडग्याच्या या बाजूने काका दिसले की मान खाली घातली. मान खाली घालणं म्हणजे माफी मागणं असं मला वाटत होतं. पण ते मी माझ्यासाठीच करत होतो, काकांना त्यातून काय मिळत होतं.

असो, सुरी. ऑगस्टमधे नारळी पौर्णिमेनंतर मासळी सुरू झाली, सुरी रोज हातात. जानेवारीपर्यंत उत्तम. मग एका रविवारी चाळीस पानं होती, घाईत मी घोळीचा मधला काटा टोकाकडच्या पात्याने तोडायला गेलो आणि वर सुरी पिळली. देबाने काटा तोडायचा तो मुठीजवळच्या जाड भागाने, वरून दाब देऊन, पिळायची कधीच नाही, हे मला माहीत होतं. कार्बन स्टील कडक असतं म्हणून धार टिकते, आणि कडक असतं म्हणूनच वाकत नाही, तुटतं. टक असा आवाज आला आणि धारेत दोन मिलिमीटरचा खड्डा. पुढेमागे अजून दोन बारीक. तो टवका नंतर चाळीस पानांच्या रश्श्यात शोधत बसलो, सापडेपर्यंत एकही पान वाढलं नाही.

मालवणात एकाकडे नेली, तो म्हणाला मशीनवर लावून देतो, मी बघितलं तर कोरडं सँडर, ठिणग्या उडतायत. अशा पात्याला गरम केलं की पाणी उतरतं, म्हणजे लोखंडाचा कडकपणा जातो, मग धार कितीही लावा दोन दिवसात जाते. परत घेऊन आलो. कणकवलीत विचारलं, एकतर्फी धार बघून तो म्हणाला दोन्हीकडून लावतो. नको म्हटलं. आणि घरी येताना मला माहीत होतं की सव्वीस वर्षं टूलरूममधे ग्राइंडिंग केलेला माणूस माझ्या घरापासून चाळीस पावलांवर राहतो. आठ दिवस मी ती सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. नवव्या दिवशी दुपारी अण्णा झोपले होते तेव्हा गडगा ओलांडला. दारातून जायचं धाडस झालं नाही, गडगाच ओलांडला.

काका पडवीत बसले होते. "काय होया?" एवढंच. मी कागद सोडून सुरी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, उजेडात तिरकी धरली, पाठीवर नख मारून आवाज ऐकला. "दादान धाडल्यान?" मी म्हटलं नाय, मीच इलंय. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोखंड बरा असा. पण वापरूक येवक नाय तुका. एका दिवसात होवचा नाय ह्या, उद्यापासून ये, दगडार पाणी घालूक कोण तरी होया."

पाच दिवस लागले. ज्यांना घरी करायचंय त्यांच्यासाठी सांगतो काय केलं ते. पहिले तीन दिवस भरड दगड, ४०० नंबरचा, खड्डा भरता येत नाही, बाकीची धार खड्ड्यापर्यंत खाली आणावी लागते, म्हणजे सगळं पातं दोन मिलिमीटर घासायचं, हाताने, थंड पाण्यात. उताराची बाजू दगडावर पूर्ण टेकवायची, कोन मनाने धरायचा नाही, उतार दगडाला चिकटला की कोन आपोआप मिळतो. चौथ्या दिवशी १००० नंबर, पाचव्या दिवशी ३००० आणि ६०००. सपाट बाजूला मात्र हात लावायचा तो फक्त शेवटी, बारीक दगडावर पातं पूर्ण झोपवून दोन-चार वेळा, दुसरीकडून लागलेली बारीक कड काढण्यापुरता. ती बाजू जास्त घासली तर सुरी संपली, हे काकांना मी सांगायच्या आधीच कळलं होतं, आयुष्यात देबा बघितली नसताना. शेवटी पाठीपासून टोकापर्यंत उंडीचं तेल. नारळाचं लावू नका म्हणाले, खवट वास धरतं.

मी पाणी घालत होतो. पहिले तीन दिवस आम्ही सुरीशिवाय काही बोललो नाही. काकी चहा आणून ठेवायची आणि डोळे पुसत आत जायची. पडवीतून ती जागा सरळ समोर दिसते, जिथे अकरा कलमं होती, तिथे त्यांनी नंतर काहीच लावलं नाही, गवत वाढतं आणि कापतात. चौथ्या दिवशी दगड बदलताना मी म्हटलं, काका, त्या रात्री बॅटरी मी धरली होती. तोंड कोरडं पडलं होतं, शब्द नीट आले की नाही ते पण माहीत नाही.

काकांनी सुरी थांबवली नाही. तीन-चार वेळा पुढेमागे नेली, पाणी घाल म्हणून बोटाने दाखवलं, मी घातलं.

"म्हायत असा माका," म्हणाले. "मी खिडकीतसून बघी होतंय. उजेड हलत होतो. दादाचो हात कधी हललो नाय."

मी तिथेच रडलो, पस्तीस वर्षांचा माणूस. एकोणीस वर्षं मी धरून चाललो होतो की त्यांना माहीत नाही आणि कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत. आणि त्यांनी खिडकीतून सगळं बघून त्यातून धरून ठेवलं होतं ते एवढंच, की पोराचा हात थरथरत होता. बाहेर येऊन ओरडले का नाहीत ते मी विचारलं नाही. कदाचित पोर समोर होतं म्हणूनच. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. दगड नीट धर म्हणाले, सरकतोय.

सुरी आता घेतली तेव्हापेक्षा चांगली कापते, हे मी काकांच्या कौतुकापोटी लिहीत नाही, टोमॅटोवर नुसती ठेवली तरी साल सुटते. पातं दोन मिलिमीटरने अरुंद झालंय, कामात फरक नाही. तर माझं मत असं की मोठी मासळी रोज कापत असाल तर ही जरूर घ्या, पैसे वसूल आहेत, रोज पुसायची तयारी ठेवा, काटा पिळू नका, डावखुरे असाल तर विचारून घ्या, आणि जवळपास पाणीदगडावर हाताने धार लावणारा माणूस आहे का ते सुरी मागवायच्या आधी बघा. घरी महिन्यातून एकदा बारीक दगडावर फिरवली तर पुरते, पण वर्षातून एकदा जाणत्या हाताकडे जायलाच हवी.

सुरी परत आणली त्या संध्याकाळी अण्णांनी ती उचलून बघितली. अंगठा आडवा फिरवला, काकांनी फिरवला होता तसाच, दोघांना आजोबांनीच शिकवलेलं असणार. कोणी लावली धार, असं विचारलं नाही. गडग्यापलीकडच्या हातानेच अशी धार लागते हे त्यांना कळलं नसेल असं होणार नाही. रात्री सुरमय तळली होती, नेहमी दोन तुकडे खातात ते एकच खाल्ला आणि लवकर उठून गेले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल त्यावर एक शब्द नाही. मी पण काढला नाही, मी आता दर आठ-दहा दिवसांनी काकांकडे जातो, दारातून जातो, आणि अण्णा मला कुठे गेला होतास असं विचारत नाहीत.

मासेमारी बंद व्हायला आता आठवडा राहिला. काकांनी मागेच सांगून ठेवलंय की बंदीच्या आधी सुरी आण, धार लावून, तेल लावून, कापडात बांधून दोन महिने ठेवायची, पावसाळ्यात उघडी राहिली तर खाऊन जाईल. काल रात्री मी ती धुऊन पुसून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सकाळी पलीकडे न्यायची म्हणून पिशवीत ठेवत होतो. अण्णा ओट्यापाशी उभे होते, पाणी पीत.

"थंयसर खिडकीत ठेव," म्हणाले. "सकाळी मी घेवन जातंय."

आता सकाळचे साडेसात वाजलेत. पिशवी खिडकीत नाहीये.